देणारीचा हिशेब

नेरूळला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी एके दिवशी पोळपाट धुता धुता विचारले, "ताई, बीज दिलं तर पुढं अंगाला काही होतं का? शेजारची म्हणते, सुया घ्यायच्या, एक दिवस झोपवतात, आणि पैसे देतात. खरं का हो?" वय तिशीच्या आत, पदरी दोन मुले, नवऱ्याचे काम आज आहे तर उद्या नाही. वाचन-लेखनाचा बऱ्यापैकी अभिमान बाळगणारे आम्ही. पण त्यांच्या या साध्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. "विचारून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे खरोखरच विचारले, वाचले, कायदा उघडून पाहिला. जे हाती लागले त्याने उत्तर मिळालेच, पण संतापही आला. प्रस्तुत लेख हा त्या दोहोंचा मिळून आहे.

प्रथम आपल्याच शहरातले एक प्रकरण सांगितले पाहिजे, कारण या विषयातला सारा गोंधळ त्यात एकवटला आहे. एका स्त्रीला गर्भधारणा होत नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीने आपले स्त्रीबीज दिले, दुसऱ्या एका स्त्रीने गर्भ वाढवला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये जुळ्या मुली जन्मल्या. मार्च २०२१ मध्ये पतिपत्नींत बिनसले. पती मुलींना घेऊन वेगळा राहू लागला आणि बीज देणारी बहीणही त्याच घरात राहू लागली. मुलींची भेट मिळावी म्हणून थोरलीने बेलापूरच्या न्यायालयात अर्ज केला. तो सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळला गेला. पतीचे म्हणणे असे होते की, बीज मेव्हणीचे, तेव्हा मुलींची जैविक आई तीच. पत्नीचा मुलींवर काही हक्क नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी हे म्हणणे अमान्य केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे त्यांनी सांगितले की, बीज देणाऱ्या स्त्रीला पालकत्वाचा कायदेशीर हक्क पोचत नाही. फार तर तिला जनुकीय माता म्हणता येईल, त्याहून अधिक काही नाही. थोरल्या बहिणीला आठवड्याच्या अखेरीस तीन तास मुलींना भेटण्याची मुभा मिळाली.

निकाल आम्हाला मान्य आहे. बीज दिल्याने कोणी आई होत नाही. होत असते तर दात्रीच्या शब्दावर कोणाचेही घर केव्हाही मोडता आले असते. जिने मूल व्हावे म्हणून धडपड केली, ज्या घरासाठी ते जन्माला आले, त्या आईचे आईपण एका पेशीच्या जोरावर हिरावून घेऊ पाहणारा युक्तिवाद न्यायालयाने झिडकारला, हे योग्यच झाले. आमचे भांडण न्यायालयाशी नाही. 'त्याहून अधिक काही नाही' हे शब्द न्यायालयाने पालकत्वापुरते उच्चारले. आपण समाज म्हणून ते त्या स्त्रीच्या संपूर्ण अस्तित्वाला लावले आहेत, हे आमचे म्हणणे. ती आई नाही, हे खरे. पण म्हणून ती कोणीच नाही, असे ठरत नाही. आणि ती कोणीच नाही हे झाकण्यासाठी आपण तिला एक थोर पदवी देऊन टाकली आहे: दाती.

'दान' हा शब्द मराठीत फार मोठा आहे आणि म्हणूनच फार सोयीचा आहे. अन्नदान, विद्यादान, रक्तदान, नेत्रदान, देहदान, आणि अर्थातच कन्यादान. या शेवटच्या शब्दात देणारा बाप असतो, घेणारा जावई असतो, आणि जिचे दान होते तिला कोणी विचारीत नाही. दानाचा हिशेब मागू नये, दानाची वाच्यता करू नये, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, असे संस्कार आपल्यावर आहेत. दात्याच्या बाबतीत हे संस्कार उदात्त असतील. परंतु ज्या व्यवहारात देणारी सोडून बाकी प्रत्येक जण रोखीने वागतो, त्या व्यवहारात हाच संस्कार देणारीचे तोंड बंद करण्याच्या कामी येतो.

रक्तदानाशी या गोष्टीची तुलना नेहमी केली जाते, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहू. रक्त देणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांत उठतो, चहा-बिस्किटे घेतो आणि घरी जातो. स्त्रीबीज देणाऱ्या बाईला पाळीच्या आरंभापासून साधारण दहा-बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. एरवी महिन्याला बहुधा एकच बीज पक्व होते. या औषधांनी एकाच वेळी अनेक पक्व करावयाची असतात. मधूनमधून सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. मग शेवटचे इंजेक्शन, आणि त्यानंतर सुमारे पस्तीस-छत्तीस तासांनी भूल देऊन, योनिमार्गातून सुई अंडाशयापर्यंत नेऊन बीजे शोषून घेतली जातात. बहुतेकींच्या बाबतीत हे सारे सुरळीत पार पडते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अलीकडच्या पद्धतींनी धोका पुष्कळ कमी झाला आहे. परंतु काहींच्या बाबतीत अंडाशय अतिउत्तेजित होतात, सुजतात, पोटात पाणी साठते, क्वचित श्वास घेणे अवघड होते, रक्तात गुठळ्या होतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अंडाशयाला पीळ पडणे हे धोके थोडे असले तरी आहेत. आणि या सर्व दिवसांत ती बाई कामावर जाते, किंवा जात नाही आणि तिची मजुरी बुडते.

पुरुषबीज देणाऱ्या पुरुषालाही कायदा 'दाता'च म्हणतो. त्याला सुई नाही, भूल नाही, धोका नाही. एकाच शब्दाने दोन इतक्या विषम गोष्टींना हाक मारणे, हा या शब्दाचा पहिला अपराध.

धोका कागदावरचा नाही, हेही सांगून टाकू. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईत एक सतरा वर्षांची मुलगी स्त्रीबीज दिल्यानंतर लगोलग मरण पावली. सतरा वर्षांची, म्हणजे कायद्याच्या लेखी बालिका. २०१२ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे होते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत तेवीस वर्षांची, लहान मुलाची आई असलेली एक स्त्री बीज काढल्यानंतर गेली. या दोघींच्या मृत्यूंची वैद्यकीय कारणमीमांसा करणे हे आमचे काम नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. नेत्रदान करणाऱ्याचे नाव आपण वर्तमानपत्रात छापतो, अवयवदान करणाऱ्याच्या कुटुंबाचा सत्कार करतो. या दोघींच्या नावाने कोणी सभा घेतली? दानाची महती गाणाऱ्यांपैकी कोणाला त्या 'दात्या' वाटल्या? मेल्यावर त्यांची नोंद झाली ती एक प्रकरण म्हणून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यापूर्वी बंधनकारक कायदाच नव्हता. होती ती मार्गदर्शक तत्त्वे. तेव्हा हा कायदा आला हे चांगलेच झाले. स्त्रीबीज देणारीचे वय तेवीस ते पस्तीस असावे. तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे. तिच्याकडून सातांहून अधिक बीजे काढू नयेत. एकीचे बीज एकाच जोडप्याला द्यावे. तिची लेखी संमती घ्यावी. पालक होऊ इच्छिणाऱ्यांनी तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा उतरवावा. बीजांची विक्री हा गुन्हा. पहिल्या उल्लंघनाला पाच ते दहा लाख रुपये दंड आणि पुढच्याला तीन ते आठ वर्षांपर्यंत कैद.

वाचताना बरे वाटते. पण मग लक्षात येते की, या कायद्याने देणारीचे रक्षण केले ते मोजमापाने: किती वय, किती वेळा, किती बीजे. तिच्या दिवसांचे, तिने सोसलेल्या सुयांचे, बुडालेल्या मजुरीचे मोल काय, हे कोठेही निश्चित केलेले नाही. विक्रीला बंदी आहे, म्हणजे ती विक्रेती नाही. मोबदला ठरलेला नाही, म्हणजे ती श्रमिक नाही. पालकत्व नाही, म्हणजे ती नातलग नाही. आणि ज्या अर्थी उपचार तिच्या आजारासाठी नाही, त्या अर्थी ती रुग्णही नाही. या चारांपैकी कोणतीही एक असती तरी तिला कोठल्या ना कोठल्या दाराशी जाऊन दाद मागता आली असती. 'दाती' म्हटल्याबरोबर चारही दारे लागली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पैशाचा प्रवेश झाला की गरीब स्त्रीच्या शरीराचा बाजार मांडला जाईल. म्हणून निरपेक्ष दान हेच श्रेयस्कर, असे म्हणणारे अनेक सज्जन आहेत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्ताच्या बाबतीत हेच प्रतिपादन केले: विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दिलेले रक्त अधिक सुरक्षित असते आणि समाजालाही अधिक जोडते. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले, आणि ते योग्य झाले.

पण रक्ताच्या बाबतीत दान टिकले ते का, हे या सज्जनांनी पाहिले पाहिजे. रक्त देणे सोपे आहे, निर्धोक आहे, आणि श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सगळे देतात. रक्तदान शिबिरात साहेब आणि शिपाई शेजारशेजारच्या खाटांवर झोपतात. स्त्रीबीजाच्या बाबतीत अशी रांग आम्हाला दाखवा. खारघरच्या उंच इमारतींतील किती सुशिक्षित तरुणी अनोळखी जोडप्यासाठी बारा दिवस सुया टोचून घ्यायला निघाल्या आहेत? काही असतील, त्यांना आमचा नमस्कार. पण आमच्या पोळ्या करणाऱ्या बाईंना शेजारणीने जे सांगितले त्यात दानाचा शब्द नव्हता, पैशाचा होता. वस्तीत ही गोष्ट कमाईची वाट म्हणून माहीत आहे, आणि कायद्याच्या पानावर ती दान म्हणून लिहिली आहे. या दोहोंच्या मधल्या अंधारात दलाल उभा असतो. व्यवहार नसल्याचे सोंग केले की व्यवहार थांबत नाही. त्याची पावती तेवढी मिळेनाशी होते.

आणि निरपेक्षतेची ही अपेक्षा एकटीकडूनच का? डॉक्टर फी घेतात, ती त्यांनी घ्यावी. भूलतज्ज्ञ घेतात, प्रयोगशाळा घेते, बीजपेढी घेते, औषध कंपनी घेते, विमा कंपनी हप्ता घेते. या सर्वांच्या कामात पैसा आला म्हणून पावित्र्य भंगले, असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. ज्या एका व्यक्तीच्या शरीरावाचून यांपैकी कोणाचेही काम सुरूच होऊ शकत नाही, तिने मात्र पुण्यावर समाधान मानावे. पुण्य एवढे मोलाचे असेल तर त्यातला वाटा सर्वांनीच घ्यावा आणि रोकड सर्वांनीच सोडावी, ही आमची नम्र सूचना.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो. तिचे शरीर, तिची मर्जी. बाजार खुला करा, ती किंमत ठरवील, असे म्हणणारे. यांना आमचे उत्तर थोडक्यात आहे. दोन पक्ष समान पातळीवर असतील तेव्हा किंमत ठरते. घरभाडे तुंबले आहे, मुलाची फी भरायची आहे, समोरच्या कागदावरील इंग्रजी वाचता येत नाही, अशा बाईने केलेल्या सहीला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे. शिवाय खुल्या बाजारात भाव कशाला येईल हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्या विवाहविषयक जाहिराती उघडून पाहा: गोरी, उंच, सुशिक्षित, आणि जात. गरज असते ती निरोगी बीजाची; भाव मिळेल तो कातडीच्या रंगाला आणि आडनावाला. ज्या जातीची आपण स्वयंपाकघरात ये-जा सहन करीत नव्हतो, तिचे बीज स्वस्त, असा दरफलक लागायला किती वेळ लागेल?

मग दान नको, बाजार नको, तर काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आमच्या शहराच्या मातीत सापडते, आणि ते सांगताना थोडी वाट वाकडी करावी लागेल.

नवी मुंबई वसली ती पंचाण्णव गावांच्या जमिनीवर. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या, शेतकऱ्यांना ठरावीक मोबदला मिळाला, आणि शासनाच्या मते व्यवहार संपला. शेतकऱ्यांच्या मते तो संपला नव्हता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. त्या योजनेच्या अंमलबजावणीत काय काय झाले, याचे पोवाडे येथे गात नाही. तत्त्व मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. जमीन देणाऱ्याने शहरावर मालकी सांगितली नाही. वाशीच्या इमारती माझ्या, असे कोणी म्हणाले नाही. त्याने एवढेच म्हटले की, माझ्या देण्यावर हे सारे उभे आहे, तेव्हा पावती फाडून मला बाहेर काढता येणार नाही. पुढच्या हिशेबात माझे नाव राहिले पाहिजे.

जमीन आणि शरीर एक नव्हे, हे आम्हाला कळते. जमिनीचा तुकडा परत देता येतो, मुलाचा वाटा मागता येत नाही आणि मागूही नये. तरीही देणे आणि देणाऱ्याचा संबंध यांविषयी या शहराने जे रक्त सांडून शिकले, ते येथे लागू पडते. मालकी सोडणे म्हणजे अस्तित्व सोडणे नव्हे.

हे अस्तित्व पुसण्याची आपली सवय जुनीच आहे. आपल्या स्मृतिग्रंथांत बीज आणि क्षेत्र असा वाद आहे: पीक कोणाचे, बी पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे? वादाच्या दोन्ही बाजूंना पुरुषच होते. बीज पुरुषाचे, स्त्री म्हणजे शेत, आणि शेताला कोणी मत विचारीत नाही. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांतील स्त्रीबीज दाखवून दिले, आणि शेत म्हणून गणलेल्या स्त्रीकडेही बीज असते हे सिद्ध झाले. मराठीने 'स्त्रीबीज' हा शब्द घडवला, तेव्हा जुन्या स्मृतिकारांचा सारा पक्ष एका शब्दात ढासळला. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी मराठीत सरळ बोलता येते हे दाखवून दिले आणि त्यासाठी खटले सोसले. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण काय केले? ज्या स्त्रीकडे बीज आहे हे आता नाकारता येत नाही, तिलाच निनावी करून टाकले. शेताला निदान सातबारा तरी असतो.

याच मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी नळीतील फलनाचे बाळ जन्मले. पुढे जानेवारी १९९१ मध्ये दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून जन्मलेल्या देशातील पहिल्या बाळाचे श्रेयही त्यांच्याच नावे नोंदले आहे. डॉक्टरांचे नाव इतिहासात राहिले, राहावयासच हवे. ते बीज कोणी दिले, हे आपल्या सार्वजनिक स्मृतीत कोठेही नाही. गुप्तता तिला हवी असेल, तिचा तो अधिकार. पण तिला ती हवी होती की तिच्या वतीने आपणच ठरवली, हा प्रश्न विचारण्याचीही आपल्याला गरज भासली नाही.

गुप्ततेचे समर्थक म्हणतात की, नाव उघड झाले तर मुलाचे मन दुभंगेल आणि आईवडिलांना समाज जगू देणार नाही. समाज जगू देत नाही, हे आम्ही नाकारीत नाही. 'वांझोटी' हा शब्द आपल्या भाषेत आहे. हळदीकुंकवाला आणि डोहाळजेवणाला कोणाला बोलावले जात नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि दोष नवऱ्यात असला तरी शब्द बायकोलाच लागतो. या जोडप्यांविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु त्यांच्या दुःखावरचा इलाज दुसऱ्या एका स्त्रीला नाहीशी करण्यात असेल, तर तो इलाज त्याच समाजाला शरण गेलेला आहे.

ज्यांना हे अशक्य वाटते त्यांना आम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात नेऊ इच्छितो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे आश्रयाला आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच रुग्णालयासाठी रोगी वाहून आणता आणता गेल्या. यशवंताची आई कोण, असे विचारले तर महाराष्ट्र सावित्रीबाईंचेच नाव घेतो. आणि तरी काशीबाईंचे नावही आपल्याला ठाऊक आहे. कोणी लपवले नाही. त्या नावामुळे सावित्रीबाईंचे आईपण तसूभरही उणे झाले नाही. त्या काळी, त्या समाजात, त्या परिस्थितीत दोन बायकांची नावे एका मुलाच्या आयुष्यात नांदू शकली. दत्तक आणि बीजदान एक नाहीत, हे मान्य. परंतु एक नाव पुसल्याशिवाय दुसरे टिकत नाही, ही भीती किती पोकळ आहे, एवढे या उदाहरणाने सिद्ध होते.

जगातही हे घडले आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतर नोंदणी केलेल्या दात्यांच्या बीजापासून जन्मलेल्या मुलांना अठराव्या वर्षानंतर दात्याची ओळख जाणून घेता येते. तेथेही बीजविक्रीला बंदीच आहे. तरीही देणारीला तिच्या त्रासाची आणि वेळेची ठरावीक भरपाई उघडपणे मिळते. २०१२ पासून ती ७५० पौंड होती, पुढे वाढवली गेली. भरपाई मिळते म्हणून तेथे ती आई झाली नाही, आणि आई नाही म्हणून बेपत्ताही झाली नाही. आपल्या कायद्यात देणारीची माहिती पेढीने घ्यावयाची आहे, आधार क्रमांकासकट. नोंदी किमान दहा वर्षे जपावयाच्या आणि नंतर राष्ट्रीय नोंदवहीकडे सोपवावयाच्या आहेत. म्हणजे ती कोण हे राज्याला ठाऊक असणार. ती ओळख मागण्याचा स्पष्ट हक्क मात्र मुलाला दिलेला नाही, आणि त्या नोंदवहीचा उपयोग करून देणारीची प्रकृती पुढे वर्षानुवर्षे विचारण्याचे बंधन कोणावर घातलेले नाही. विमा बारा महिन्यांचा. तेराव्या महिन्यात तिला काय झाले, हे विचारणारा कोणी नाही.

तेव्हा आमच्या मागण्या सरळ आहेत. देणारीला दिवसांची, त्रासाची आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई कायद्याने ठरवून द्यावी. ती सर्वांना सारखी असावी, रंग-रूप-जात-शिक्षण यांवर एक पैसाही अवलंबून नसावा, आणि ती थेट तिच्या खात्यात, पावतीसह जमा व्हावी. बीजे सात निघाली की तीन, यावर ती ठरू नये, कारण भरपाई तिच्या कष्टांची आहे, बीजांची नव्हे. संमतिपत्र मराठीत असावे, आणि ते वाचून दाखवणारी व्यक्ती रुग्णालयाच्या वा पेढीच्या पगारावर नसावी. तिच्या प्रकृतीची विचारपूस बारा महिन्यांवर थांबू नये. आणि मुलाला सज्ञान झाल्यावर, देणारीने आधी दिलेल्या संमतीने, तिची ओळख जाणून घेण्याची वाट असावी. यांतली एकही मागणी तिला आई बनवीत नाही. बेलापूरच्या त्या प्रकरणातील थोरल्या बहिणीचे आईपण या सर्व मागण्या मान्य झाल्या तरी जागच्या जागी राहते.

ज्या तरुणी स्वेच्छेने, कोणाच्या तरी दुःखाने हेलावून हे करू इच्छितात, त्यांना आम्ही परावृत्त करीत नाही. ज्या जोडप्यांना या वाटेने जावे लागते, त्यांनी मान खाली घालू नये. दोघांनाही आमचे सांगणे एकच: दान म्हणा, हरकत नाही, पण हिशेब मांडून म्हणा.

आता राहिला पोळ्या करणाऱ्या बाईंचा प्रश्न. आठवड्याने आम्ही त्यांना सारे सांगितले: सुया किती दिवस, भूल केव्हा, धोका कोणता, वयाची अट, आयुष्यात एकदाच, विम्याचा कागद स्वतःच्या हाती मागून घ्या, पोट फुगले वा धाप लागली तर थांबू नका. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "एवढं सगळं हाय, तर तिथं कुणी सांगत का न्हाई?" त्यांनी पुढे काय ठरवले हे आम्ही विचारले नाही, तो त्यांचा अधिकार. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र आमच्यासाठी नव्हता. ज्यांच्यासाठी तो आहे, त्यांच्यापर्यंत तो पोचावा म्हणून आम्ही येथे लिहून ठेवीत आहोत.